कुंडीत, वाफ्यात बहरू द्या पेटुनिया

एवढ्याशा बाल्कनीतही हिवाळाभर रंगांची उधळण करणारं हे फूल मुळीच अवघड नाही. मात्र त्याची वेळ सांभाळावी लागते आणि रोज पाच मिनिटं त्याच्याजवळ उभं राहावं लागतं. ते कसं, हे जाणून घ्या.

डिसेंबर उजाडला की नर्सरीच्या दारातच पेटुनियाची रोपं मांडलेली दिसतात. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत वीतभर रोप आणि त्यावर कर्ण्यासारखं मोठं फूल! जांभळं, गुलाबी, लाल, पांढरंशुभ्र, तर कधी पांढऱ्या कडेचं. पाहताक्षणी मोह होतो. आपण चार-सहा रोपं घेतो, घरी आणून कुंड्यांत लावतो आणि आठ-दहा दिवस बाल्कनी अगदी सजून जाते. पण पुढे काय? खालची पानं पिवळी पडतात, फांद्या लांबच लांब होऊन कुंडीच्या काठावरून लोंबू लागतात, टोकाला एखाददुसरं फूल उरतं. महिन्याभरात कुंडी रिकामी. मग "आमच्याकडे नाही बाई टिकत पेटुनिया" असं म्हणून आपण मोकळे होतो.

माझंही नेमकं हेच झालं होतं. काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या गावचं घर बंद करून सासूबाई आमच्याकडे पुण्याला राहायला आल्या. तिथे त्यांच्या अंगणात जाई, अबोली, मोगरा, गुलबक्षी असं सगळं होतं. इथे तिसऱ्या मजल्यावरची बारा फूट लांब नि चार फूट रुंद बाल्कनी. आई तिथे जायच्याच नाहीत. "काय बघायचं तिथे? समोरच्यांच्या खिडक्या?" असं म्हणून दिवसभर आतल्या खोलीत बसून राहायच्या. त्यांचं मन रमावं म्हणून मी पेटुनिया आणला आणि तो जानेवारीच्या मध्यालाच वाळून गेला. दुसऱ्या वर्षी हौसेनं बी आणलं आणि घाई करून ऑगस्टमध्येच पेरलं. रोपं उगवली, पण भर पावसाळ्यात एका रात्रीत सगळीच्या सगळी कोलमडली. तिसऱ्या वर्षी शेजारच्या सोसायटीतल्या म्हाताऱ्या माळीकाकांना गाठलं. ते म्हणाले, "ताई, फूल बघून रोप घेऊ नका, फुटवे बघून घ्या. आणि एक करा, पेटुनियाला बी धरू देऊ नका." त्यांच्या या दोन वाक्यांतच सगळं आलं होतं. ते कसं, ते पुढे सांगतेच.

टोमॅटो-वांग्याचा भाऊबंद

पेटुनिया हे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं फूल. टोमॅटो, वांगी, बटाटा, मिरची आणि तंबाखू ज्या कुळातली, त्याच कुळातला हाही. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत तंबाखूला 'पेटुन' म्हणत. त्यावरूनच फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ जुस्यू यांनी १८०३ मध्ये या वनस्पतीला पेटुनिया हे नाव दिलं. पानांना हात लावून बघा, तंबाखूच्या पानासारखीच ती किंचित चिकट आणि लवदार लागतात.

रानातल्या पेटुनियाच्या दोन जाती मुख्य. एकीची फुलं पांढरी, रात्री सुगंध देणारी. दुसरीची लहान आणि जांभळी. १८३० नंतरच्या काळात युरोपातल्या बागाईतदारांनी या दोन्हींचा संकर केला आणि आजचा बागेतला पेटुनिया तयार झाला. आपल्या कुंडीतल्या पांढऱ्या आणि गडद जांभळ्या फुलांना संध्याकाळनंतर जो मंद गोड वास येतो, तो त्या रानातल्या पूर्वजांकडून आलेला आहे. पांढऱ्या रानफुलाकडे रात्री पतंग येतात. त्यांना बोलावण्यासाठीच हा सुगंध. म्हणून संध्याकाळी जिथे बसता, तिथे एकतरी कुंडी पांढऱ्या पेटुनियाची असू द्या.

कोणता प्रकार निवडाल?

पाकिटावर किंवा नर्सरीत वेगवेगळी नावं दिसतात. त्यांचा अर्थ लक्षात घेतला तर निवड सोपी होते.

ग्रँडिफ्लोरा : सगळ्यात मोठी फुलं, तीन ते चार इंच व्यासाची. दिसायला देखणी, पण नाजूक. अवेळी पाऊस आला किंवा जोराचा वारा सुटला की पाकळ्या फाटतात, चिकटतात. आडोशाच्या बाल्कनीत, कुंडीत लावायला हा प्रकार चांगला.

मल्टिफ्लोरा : फुलं दोन इंचांच्या आसपास, पण संख्येने भरपूर. हवेतले बदल बऱ्यापैकी सोसणारा. वाफ्यात लावायचा असेल, तर डोळे मिटून हाच निवडा. पहिल्यांदाच पेटुनिया लावणाऱ्यांनीही इथूनच सुरुवात करावी.

डबल : गुलाबासारख्या अनेक पाकळ्यांची फुलं. पाणी साचलं की जड होऊन कुजतात, म्हणून वरून पाणी घालणं टाळा.

पसरणारा पेटुनिया : याच्या फांद्या जमिनीलगत किंवा कुंडीतून खाली दोन-तीन फुटांपर्यंत पसरतात. १९९५ मध्ये अमेरिकेत 'पर्पल वेव्ह' या जातीला मानाचा पुरस्कार मिळाला आणि हा प्रकार जगभर लोकप्रिय झाला. टांगत्या कुंडीसाठी यासारखा दुसरा नाही. मात्र याला खत-पाणी दोन्ही जास्त लागतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. सगळे रंग एकत्र लावले, तर लांबून नुसता गोंधळ दिसतो. एका कुंडीत एक रंग आणि वाफ्यात एका रंगाची किमान सात-आठ रोपं एका ठिकाणी लावली तर तेच फूल दुप्पट उठून दिसतं.

वेळ चुकली की हंगाम हुकला

पेटुनिया हा खरं तर अनेक वर्षं जगू शकणारा. पण आपल्या मैदानी भागातला उन्हाळा आणि पावसाळा त्याला सोसत नाही. त्यामुळे आपल्याकडे तो हिवाळी हंगामी फूल म्हणूनच लावतात. बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला साधारण दहा ते बारा आठवडे लागतात. हा हिशेब बोटांवर मोजा. डिसेंबरअखेर फुलं हवी असतील, तर सप्टेंबर संपता संपता बी पडायलाच हवं. नोव्हेंबरात पेरलं, तर फुलं फेब्रुवारीत येणार आणि मार्चच्या उन्हात महिन्या-दीड महिन्यातच संपणार.

पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगर या भागांत पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी करावी. मुंबई, कोकण, गोव्यात हवा दमट आणि थंडी बेताची. तिथे ऑक्टोबरात पेरा आणि मल्टिफ्लोरा निवडा. दिल्ली, भोपाळ, इंदूर, लखनौकडे राहणाऱ्यांनी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पेरावं. तिकडे मार्च-एप्रिलपर्यंत बहर टिकतो. मात्र कडाक्याच्या थंडीत दव गोठतं, त्या रात्री कुंड्या भिंतीच्या आडोशाला घ्या. बेंगळुरूसारख्या सौम्य हवेच्या गावी जोरदार पावसाचे महिने सोडले, तर पेटुनिया जवळजवळ वर्षभर घेता येतो. सिमला, मसुरीसारख्या डोंगराळ भागात मात्र गणित उलटं. तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये आडोशाला बी पेरायचं आणि उन्हाळ्यात फुलं घ्यायची.

मोहरीहून बारीक बी

पेटुनियाचं बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये साधारण दहा हजार बिया मावतात. त्यामुळे पाकीट थेट मातीवर उपडं केलं, तर एका जागी शंभर आणि दुसरीकडे एकही नाही, असं होतं. ते टाळण्यासाठी पुढील पद्धत वापरा.

चार बोटं उंचीचा पसरट ट्रे किंवा मिठाईचा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला सात-आठ भोकं पाडा. चाळलेलं कोकोपीट दोन भाग आणि चाळलेलं गांडूळखत एक भाग असं मिश्रण त्यात भरा. बागेतली कच्ची माती इथे वापरू नका. तिच्यातली बुरशीच कोवळ्या रोपांचा घात करते. मिश्रण पाण्याने आधीच ओलं करून सपाट करा. बी चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळा आणि मीठ भुरभुरावं तसं भुरभुरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बियांवर माती टाकू नका. पेटुनियाच्या बीला उगवायला उजेड लागतो. गाडलं की ते उगवत नाही. हलक्या हाताने नुसतं दाबा. झारीने वरून पाणी घातलं, तर बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं. म्हणून ट्रे परातभर पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पाणी खालून वर चढेल. वर पारदर्शक प्लास्टिक झाकून ट्रे उजेडात, पण थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. सात ते दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसू लागतात. ते दिसले की प्लास्टिक काढून टाका.

पुढचे पंधरा दिवस कसोटीचे असतात. ओल जास्त झाली की रोपं मातीलगत काळी पडून माना टाकतात. नर्सरीवाले याला 'मर लागली' म्हणतात. माझ्या ऑगस्टमधल्या रोपांना हीच मर लागली होती. यावर औषधापेक्षा खबरदारी बरी. बी विरळ पेरा, हवा खेळती ठेवा, वरचा थर जरा सुकल्यावरच पाणी द्या आणि तेही सकाळी.

खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांनी, आगकाडीच्या टोकाने रोप मुळासकट उचला. पानाला धरा, देठाला नाही. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चिरडला तर रोप गेलं. कागदी कपात किंवा छोट्या पिशवीत एकेक रोप लावून आणखी तीन आठवडे वाढू द्या. मग आठवडाभर रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्या.

पाकिटात गोळीसारखं दिसणारं बी असेल, तर ते फोडू नका. ते मातीचा लेप दिलेलं बी असतं. मातीवर नुसतं ठेवायचं आणि लेप विरघळेपर्यंत ओलं राखायचं.

तयार रोपं घेताना

एवढा खटाटोप जमणार नसेल तर नर्सरीतून रोपं घ्यायला काहीच हरकत नाही. पण डिसेंबरची वाट बघू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा. माळीकाकांच्या सांगण्याप्रमाणे फुलाला भुलू नका. ठेंगणं, बुडापासून तीन-चार फुटवे असलेलं, गडद पानांचं रोप घ्या. उंच वाढलेलं, एकाच दांडीवर टोकाला फूल मिरवणारं रोप पिशवीतच थकलेलं असतं. पिशवीच्या भोकांतून मुळं बाहेर आली असतील, तर ते रोप राहू द्या. पानं उलटून मावा किंवा पांढरी माशी नाही ना, तेही पाहा.

वाफ्यात लावताना

दिवसातून किमान पाच-सहा तास ऊन मिळणारी जागा निवडा. सावलीत पेटुनिया जगतो, पण पानंच पानं येतात, फुलं येत नाहीत. माती वीतभर खोल खणून, ढेकळं फोडून आठ-दहा दिवस तापू द्या. एका चौरस मीटरला चार-पाच किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. काळी चिकण माती असेल, तर वाळू किंवा पालापाचोळ्याचं खत घालून ती भुसभुशीत करा आणि गादीवाफा करा, म्हणजे वाफा जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच ठेवा. पेटुनियाला तहान चालते, पण पायाशी साचलेलं पाणी चालत नाही.

ठेंगण्या जातींत आठ-दहा इंच, बाकीच्यांत फूटभर आणि पसरणाऱ्या जातीत दीड-दोन फूट अंतर ठेवा. लावणी संध्याकाळी करा, म्हणजे रात्रभरात रोप सावरतं. ज्या वाफ्यात आधी टोमॅटो, वांगी किंवा मिरची रोग लागून गेली असेल, तिथे पेटुनिया लावू नका. कूळ एक, तसे रोगही एक.

कुंडीत लावताना

आठ इंची कुंडीत एक रोप, बारा इंची कुंडीत तीन रोपं हा साधा हिशेब. दोन भाग पोयटा माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करा. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा. कुंडी काठापर्यंत न भरता इंचभर जागा पाण्यासाठी सोडा.

टांगत्या कुंडीत मातीऐवजी कोकोपीटचं प्रमाण वाढवा, म्हणजे वजन कमी राहतं. दहा-बारा इंचांच्या टांगत्या कुंडीत तीन रोपं पुरतात. कडी आणि हूक भक्कम आहे ना, हे नीट तपासा. बाल्कनीच्या कठड्याबाहेर किंवा कठड्यावर मोकळी कुंडी कधीही ठेवू नका. ओली कुंडी फार जड होते. वरच्या मजल्यावरून ती घसरली, तर खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. कुंड्या कठड्याच्या आतल्या बाजूला, लोखंडी कड्यांत बसवा.

पाणी किती, खत किती?

मातीत बोट खुपसा. वरचा इंचभर थर कोरडा लागला, तरच पाणी द्या. कुंडीला थंडीत एक दिवसाआड, फेब्रुवारीनंतर रोज, तर टांगत्या कुंडीला उन्हाच्या दिवसांत दोनदाही पाणी लागू शकतं. वाफ्याला चार-पाच दिवसांनी पाणी पुरतं. पाणी बुडाशी द्या, फुलांवर नको. संध्याकाळी भिजलेली फुलं रात्रीच्या गारव्यात सडतात.

बोअरवेलच्या जड पाण्याने पेटुनियाची नवी पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात. तेव्हा आपण आणखी खत घालतो आणि चूक करतो. हा खताचा नाही, लोहाचा अभाव आहे. मातीत लोह असतं, पण क्षारामुळे मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी शक्य तर नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या आणि चिलेटेड लोह पाकिटावर दिलेल्या प्रमाणात फवारा. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी वाचवून झाडांना घालायची सवय अनेक घरांत असते. त्यात क्षार अधिक असतात, म्हणून ते पेटुनियाला घालू नका. फरशी पुसायला वापरा.

लावणीनंतर तीन आठवड्यांनी खत सुरू करा. शेण पाण्यात आठवडाभर भिजवून, गाळून, फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून दर पंधरा दिवसांनी द्या. फ्लॅटमध्ये वासाची अडचण असेल, तर १९:१९:१९ हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात चालेल. युरियाच्या वाटेला मात्र जाऊ नका. झाड हिरवंगार दिसेल, पण फुलं रुसतील.

शेंडा खुडा, बोंड काढा

आता माळीकाकांचा दुसरा सल्ला. रोप चार-पाच इंचांचं झालं की शेंडा खुडा. पहिली कळी आली असली, तरी मन घट्ट करून खुडा. फुलं आठ-दहा दिवस उशिरा येतील, पण एका दांडीच्या जागी पाच-सहा फांद्या फुटतील.

पुढे बहर सुरू झाला की रोज पाच मिनिटं कोमेजलेली फुलं काढण्यासाठी ठेवा. इथेच बहुतेकांची चूक होते. सुकलेलं फूल धरून ओढलं की नुसता पाकळ्यांचा कर्णा हातात येतो आणि आपल्याला वाटतं, काम झालं. पण त्याच्या बुडाशी हिरव्या पाकळ्यांच्या आत छोटं बोंड असतं, ते तिथेच राहतं. झाडाची सारी ताकद मग त्या बोंडात बी भरण्याकडे लागते आणि नव्या कळ्या कमी होतात. फुलाचा उद्देश बी, ते धरलं की झाडाला फुलण्याची निकड उरत नाही. म्हणून पाकळ्या नाही, खालच्या छोट्या देठासकट बोंड खुडा. बी मिळालं नाही, की झाड पुन्हा कळ्या धरतं. पेटुनिया महिनाभर फुलणार की चार महिने, हे बरंचसं या दोन बोटांच्या चिमटीवर ठरतं.

जानेवारी संपता संपता फांद्या लांबून मध्ये पोकळ दिसू लागतात. तेव्हा एक तृतीयांश ते अर्ध्या लांबीवर छाटणी करा. सगळ्या कुंड्या एकदम न छाटता आठवड्याच्या अंतराने छाटल्या, तर बाल्कनी ओकीबोकी दिसत नाही. छाटून खत-पाणी दिलं, की दोन-तीन आठवड्यांत दुसरा बहर येतो. माझ्या पहिल्या वर्षीच्या कुंड्या नेमक्या याच वेळी मी फेकून दिल्या होत्या.

कीड आणि रोग

कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला, तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. न गेल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवारा. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट कागद लावा. कळ्यांना गोल भोकं आणि पानांवर काळी बारीक विष्ठा दिसली, तर समजा, अळी लागली. दिवसा ती लपते. रात्री टॉर्च घेऊन शोधली की सापडते. चार-पाच कुंड्यांसाठी हाताने वेचणं हाच उत्तम उपाय.

पानांवर हिरवे-पिवळे चट्टे येऊन ती आकसली, तर तो विषाणूचा रोग असतो. त्याला औषध नाही. रोप उपटून टाका. तंबाखूवरचा विषाणू पेटुनियालाही लागतो आणि तो विडी-सिगारेट, मळलेल्या तंबाखूतून हातावाटे पसरू शकतो. म्हणून घरात कुणी तंबाखू खात-ओढत असेल, तर साबणाने हात धुतल्याशिवाय त्यांना रोपांना हात लावू देऊ नका. तंबाखू सोडायला हे एक निमित्त झालं, तर उत्तमच!

बी घरचं की विकतचं?

हंगामाअखेर थोडी बोंडं झाडावर वाळू देऊन बी धरण्याचा मोह होतो. मीही धरलं होतं. पुढच्या वर्षी मोठ्या लाल फुलांच्या जागी लहान, फिकट जांभळी फुलं आली. पाकिटावर 'एफ-१' लिहिलेलं बी म्हणजे दोन निवडक वाणांचा पहिल्या पिढीचा संकर. त्याच्या पुढच्या पिढीत आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे गुण वेगवेगळे होऊन बाहेर पडतात. अशा जातींचं बी दरवर्षी नवंच घ्यावं. साध्या, देशी पाकिटातल्या बियांचं मात्र धरायला हरकत नाही. एखादी आवडती जात टिकवायची असेल, तर चार इंची कोवळी, कळी नसलेली फांदी ओल्या कोकोपीटमध्ये लावा, तिला मुळं फुटतात.

नारिंगी पेटुनियाची कहाणी

पेटुनियात जवळजवळ सगळे रंग आहेत, पण झळाळता नारिंगी निसर्गतः नव्हता. १९८७ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी मक्यातलं एक जनुक पेटुनियात घालून विटकरी-नारिंगी फूल मिळवलं.  पुढे बाजारात सुंदर नारिंगी पेटुनिया विकला जाऊ लागला. २०१७ मध्ये फिनलंडमध्ये तपासणी झाली, तेव्हा त्यात तेच मक्याचं जनुक सापडलं. परवानगी नसलेली जनुकबदल केलेली रोपं म्हणून युरोप-अमेरिकेत अशा जाती विक्रीतून काढून घ्याव्या लागल्या.

याआधी १९९० मध्ये जांभळा रंग आणखी गडद करण्यासाठी शास्त्रज्ञांनी पेटुनियात रंगाचं जादा जनुक घातलं, तर काही फुलं चक्क पांढरी झाली. हे कोडं सोडवता सोडवता पेशी आपलीच जनुकं गप्प कशी करतात, याचा शोध पुढे सरकला. याच यंत्रणेच्या शोधाला २००६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. ते संशोधन एका सूक्ष्म कृमीवर झालं होतं, पण कोडं पहिल्यांदा घातलं ते या फुलाने.

आणि आमची बाल्कनी?

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी बी पेरलं. आई लांबूनच बघत होत्या. "गजऱ्याला नाही, हाराला नाही, कशाला हे विलायती फूल?" हे पालुपद चालूच होतं. पण रोपं काडीने उचलायची वेळ आली, तेव्हा माझा हात थरथरतोय हे बघून त्या स्वतःच पुढे झाल्या. मिरचीची, वांग्याची रोपं आयुष्यभर लावलेला तो हात. साठातली एकावन्न रोपं जगली. आठ कुंड्यांत लावून उरलेली मजल्यावरच्या घरांत वाटली.

जानेवारीत एका संध्याकाळी त्या बाल्कनीत उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, याला वास आहे की!" पांढऱ्या फुलांच्या कुंडीजवळ तेव्हापासून त्यांची खुर्ची आहे. बोंडं खुडण्याचं काम आता त्यांचंच. शेजारची मुलगी नुसत्या पाकळ्या ओढते, तेव्हा तिलाही त्या थांबवून दाखवतात, "असं नाही, खालून."

मार्च संपला की कुंड्या रिकाम्या होतात. माती उन्हात वाळवून पोत्यात भरून ठेवतो. आणि सप्टेंबरात पाऊस उघडला की आईच आठवण करतात, "सूनबाई, ट्रे कुठे ठेवलाय?"